लेथला येणारा घाम

तामसी, ३ डिसेंबर २०२४

प्रिय सुधाकर,
सप्रेम जय भीम.

तुझ्या घशाचं ऑपरेशन झाल्यापासून फोनचा मार्गच खुंटला आणि मोबाइलवर बोटं आपटत लिहायला आपल्या दोघांनाही जमत नाही. म्हणून हे पत्र. आदिलाबादच्या आयटीआयमध्ये तू माझं जर्नल उतरवून घ्यायचास, त्या अक्षरावरून मला ओळखशील.

अडचण अशी आहे की ज्या लेथवर मी रोज लोखंड कातून शाफ्ट करतो, तिला घाम येतो आहे. रोज सकाळी मशीनच्या लोखंडी बेडवर हात फिरवला की तळवा ओला होतो. नऊ वाजेपर्यंत तिथं गंजाचा तांबूस पापुद्रा धरतो. चक, टेलस्टॉक, स्लाइडचे स्क्रू, कुठंही बघ, तेच. अर्धा दिवस मी पॉलिश पेपर घेऊन घासत असतो. तू स्वतः नागपूरहून येऊन ही मशीन लेव्हलला बसवून दिलीस, त्याला अठ्ठावीस वर्षं झाली. पत्र्याचं शेड तेच आहे, पैनगंगेकडून येणारं धुकं तेच आहे. मग याच वर्षी असं का? परवा जिनिंग मिलचा एक शाफ्ट माप हललं म्हणून परत आला. सुधाकर, माझा शाफ्ट परत आला. गावात मला रामाजी म्हणून कोणी ओळखत नाही, मिस्त्री म्हणतात, तुला ठाऊक आहे. मशीन बिघडली की मिस्त्रीमध्ये काय उरतं?

रात्री ताडपत्रीनं गच्च झाकून ठेवतो, तरी फरक नाही. तू बत्तीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये काढलीस, तुला माहीत असेल. पंचफुला बरी आहे. पोरगी प्रगती मुधोळच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाली.

तुझा,
रामाजी

नागपूर, ९ डिसेंबर

प्रिय रामाजी,
जय भीम.

पत्र वाचून मी हसलो. आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. माझ्याकडे आता मारायला शब्दच नाही, म्हणून शाई वापरतो.

गड्या, मशीनला ताडपत्रीत गुंडाळून तू तिला वाफारा देतो आहेस. आधी ती काढ. लिंबू सरबताच्या गार पेल्याला बाहेरून पाणी सुटतं ना? ते पेल्यातून झिरपत नाही, हवेतलं असतं. लोखंड रात्रभर गार होतं आणि सकाळी उशिरापर्यंत गारच राहतं. ओलसर हवा त्याला लागली की दंव बसतं. तेव्हा करायचं ते असं. ताडपत्रीच्या जागी जुनी सुती गोधडी घाल, तिच्यातून हवा जाते. बेडखाली शंभर वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर लावून ठेव, एलईडी नको, त्याला ऊब नसते. लोखंड हवेपेक्षा दोन अंशांनी गरम राहिलं की घाम नाही. शेडच्या दोन्ही खिडक्या वरून वीतभर उघड्या ठेव. संध्याकाळी कोरड्या फडक्यानं पुसून तेलाचा हात दे. आणि ऊब यावी म्हणून आत शेगडी पेटवायची नाही. जळणातूनही पाणी निघतं आणि बंद शेडमध्ये धुरानं माणूस मरतो ते वेगळंच.

एवढं केलंस तर आठ दिवसांत मशीन कोरडी. नाही झाली तर मला टूलरूमचा म्हणू नकोस.

वहिनींबद्दल तू तीन शब्द लिहिलेस. त्यांना माझा जय भीम सांग. त्यांच्या हातची आंबाडीची भाजी अजून आठवते.

सुधाकर

तामसी, १७ डिसेंबर

प्रिय सुधाकर,
जय भीम.

तू सांगितलंस तसं केलं. पिवळा बल्ब तामसीत नाही. बस धरून आदिलाबादला गेलो. दुकानदार म्हणाला, “लेदु अन्ना, नाहीत, आता कोण वापरतं?” आणि हसला. शेवटी कोंबड्यांच्या पिल्लांना ऊब द्यायला एकानं ठेवलेले दोन बल्ब मागून आणले. गोधडी घातली. तेल लावलं.

फरक पडला, पण थोडा. बल्बच्या वरचा हातभर बेड कोरडा राहतो, बाकी सगळं ओलं. आता तर पत्र्यालाही आतून थेंब धरतात आणि टपटप मशीनवर पडतात.

खिडक्या मात्र उघड्या ठेवता येत नाहीत. थंडी फार येते.

दुसरा काही उपाय असेल तर कळव. मी हात टेकले आहेत.

रामाजी

नागपूर, २२ डिसेंबर

प्रिय रामाजी,

थंडी येते म्हणजे काय? लेथला पडसं होतं का? खिडक्या उघड!

आणि आतून पत्र्याला थेंब? ते मला पटत नाही. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी असं आपलं चाललंय की काय? बाहेरच्या धुक्याला दोष देत बसलो आणि पाणी दुसरीकडूनच येत असेल तर? अंदाज पुरे झाले, आता मोजायचं.

थर्मामीटर मिळव. तापाचा नको, शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तो. प्रगतीला सांग. पहाटे पाच वाजता स्टीलचा पेला घे, आत साधं पाणी आणि थर्मामीटर. बर्फाचा एकेक खडा टाकत ढवळत राहा. पेल्याला बाहेरून धुकं धरलं की त्या क्षणी आकडा लिही. हे एकदा अंगणात करायचं आणि एकदा शेडमध्ये. मग थर्मामीटर मशीनच्या बेडला फडक्यानं बांधून दहा मिनिटांनी तोही आकडा घे. तीन दिवस कर. आकडे खोटं बोलत नाहीत, मिस्त्री बोलतात.

सुधाकर

तामसी, ३० डिसेंबर

प्रिय सुधाकर,
जय भीम.

प्रगती नाताळच्या सुट्टीत येताना थर्मामीटर घेऊन आली. तीन दिवस केलं, तिन्ही दिवस जवळपास सारखंच आलं.

अंगणात पेल्याला धुकं धरलं नऊ अंशांवर.
शेडमध्ये धरलं पंधरा अंशांवर.
मशीनचा बेड बारा.

पंधराचा आकडा पाहून मी पेला धुऊन पुन्हा केलं. पंधराच. आता यावरून काय समजायचं ते तू सांग. एवढी वर्षं मायक्रोमीटर धरला, पण पेल्यात बर्फ टाकून हवा मोजतात हे मला माहीत नव्हतं. बरं वाटलं करताना. बऱ्याच दिवसांनी काहीतरी नीट मोजलं.

आणखी एक शाफ्ट परत आला.

रामाजी

नागपूर, ४ जानेवारी २०२५

रामाजी,

तुझे आकडे मी चारदा वाचले.

बाहेरची हवा नऊ अंशांवर पाणी सोडते. तुझा बेड बाराचा आहे. म्हणजे बाहेरच्या हवेनं त्याला घाम यायलाच नको. आतली हवा पंधरालाच पाणी सोडते, म्हणून बारा अंशांचं लोखंड भिजतं. आतलं एवढं पाणी धुक्याचं नाही. ते आत तयार होतंय. बंद शेडमध्ये रात्रभर कोणीतरी श्वास घेतंय आणि पहाटे कोणीतरी मोठ्ठं भांडं उकळतंय.

खिडक्या उघडल्या की “थंडी येते”. कोणाला येते, रामाजी?

तू शेडमध्ये राहतोस. वहिनींशी भांडलास आणि अंथरूण उचलून तिकडं गेलास. या वयात! चाळीस वर्षं ज्या बाईनं तुझ्या तेलकट कपड्यांना कधी नाक मुरडलं नाही, तिला घरात एकटी टाकून तू मशीनजवळ झोपतोस आणि मला विचारतोस की मशीनला घाम का येतो? लाज वाटू दे. आज संध्याकाळी घरी जा. माफी माग. तुझी चूक असो वा नसो, माग. तू घरी गेलास की लेथ आपोआप कोरडी होईल.

आवाज असता तर ओरडलो असतो.

सुधाकर

तामसी, ११ जानेवारी

प्रिय सुधाकर,
जय भीम.

तुझं पत्र दोन दिवस खिशात ठेवून फिरलो. तुझं गणित बरोबर आहे. भांडण मात्र झालेलं नाही. याच्या बदल्यात भांडण मिळत असतं तर मी ते विकत घेतलं असतं.

शेडमध्ये मी राहायला गेलो नाही. पंचफुला गेली. तिच्यामागं मी गेलो.

दोन वर्षं ती विसरते आहे. आधी मीठ, मग माणसांची नावं. मी कोणाला बोललो नाही, तुलाही नाही. तुझ्या घशाचं चाललं होतं आणि मलाही लिहायला जड जात होतं. दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात एका संध्याकाळी ती घरात उभी राहिली आणि मला म्हणाली, “लय उशीर झाला जी, लोकायच्या घरी किती बसाव? चाला आपल्या घरी.” मी म्हणालो, अगं, हेच आपलं घर. ती ऐकेना. चप्पल न घालता निघाली आणि थेट शेडच्या दारात जाऊन थांबली. आत मशीन दिसली तशी हसली. “आलो बापा घरी,” म्हणाली.

तुला आठवत असेल, लग्नानंतर तीन वर्षं आम्ही शेडमध्येच संसार केला. ते तुरट्यांचं, तुरीच्या काड्यांचं शेड होतं, पण जागा हीच. एका बाजूला मी भाड्यानं आणलेली छोटी लेथ, एका बाजूला तिची चूल. प्रगतीची झोळी छताच्या कैचीला बांधलेली. मी मशीन चालवली की पोरगी झोपायची, बंद केली की उठायची. घर बांधलं ते नंतर. तिच्या डोक्यातून नंतरचं सगळं गेलं, हे राहिलं.

आता ती तिथंच असते. मी खाट टाकली आहे. पहाटे चारला उठते, कपाशीच्या पऱ्हाट्यांची चूल पेटवते आणि मोठ्या पातेल्यात माझ्या आंघोळीचं पाणी उकळत ठेवते. उकळतं, तरी तिला वाटतं अजून तापलं नाही. आणखी काड्या सारते. शेडभर वाफ होते. एकदा मी चूल विझवली. तर ती भिंतीकडं तोंड करून रडली. म्हणाली, “मिस्त्रीले थंड पान्यानं आंघोळ करा लागते माह्यामुळं.” पुन्हा मी चुलीला हात लावला नाही.

प्रगती म्हणते मुधोळला न्या. दोन दिवस नेलं होतं. दोन्ही दिवस ती घरी जायचं म्हणून दाराला धक्के मारत होती. आदिलाबादच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सांगितलं, ओळखीच्या जागेत ठेवा. ओळखीची जागा एवढीच उरली आहे.

म्हणून खिडक्या बंद. थंडी तिला बाधते.

तुझ्या आकड्यांचा आणि माझा प्रश्न आता एकच आहे. पाणी थांबवलं तर ती रडते. नाही थांबवलं तर मशीन जाते आणि मशीन गेली तर मी कशावर उभा राहू? मी रोज सकाळी बेड घासतो आणि ती विचारते, “इतकं काऊन घासता?” मी म्हणतो, लखलखीत दिसावी म्हणून. तिला ते आवडतं.

रामाजी

नागपूर, १६ जानेवारी

प्रिय रामाजी,

मला माफ कर. मी काहीच्या बाही लिहिलं. टूलरूममध्ये माझं एकच धोरण होतं, आकडा पाहायचा आणि माणसावर ओरडायचं. बायकोला पत्र वाचून दाखवता येत नाही, तिच्या हातात दिलं.

आता नीट ऐक. आधी एक खिडकी तरी उघडी ठेव. बंद शेडमधली चूल दोघांनाही घेऊन जाईल. वहिनींच्या अंगावर आणखी एक गोधडी घाल, पण खिडकी उघड. हे ठरलं.

दुसरं म्हणजे, पाणी थांबवता येत नसेल तर लोखंड हलव. तुझा चेला हर्षदीप आदिलाबादला आहे ना? त्याचं वर्कशॉप स्लॅबचं आहे, मोठं आहे. मशीन त्याच्याकडं ने. तू दिवसा बसनं जा, काम कर, संध्याकाळी परत ये. तेवढा वेळ शेजारची तुळजाबाई वहिनींजवळ बसेल. शेड पूर्ण वहिनींचं. त्यांना पाहिजे तेवढं पाणी उकळू दे. मशीनही वाचेल आणि त्यांचं घरही राहील.

मला हे सुचलं तेव्हा आपण अजून बाद झालो नाही असं वाटलं. लगेच कर. थंडी असेपर्यंत गंज थांबणार नाही.

सुधाकर

तामसी, २७ जानेवारी

सुधाकर,

गेल्या सोमवारी मशीन नेली. हर्षदीप चार माणसं आणि चेन पुली घेऊन आला. फाउंडेशनचे बोल्ट अठ्ठावीस वर्षांनी सुटले, मला बघवत नव्हतं. त्यानं तिकडं ती लेव्हलला बसवली, मी स्पिरिट लेव्हल ठेवून पाहिलं, पोरानं नीट बसवली आहे. मंगळवारी सकाळी बेडवर हात फिरवला. कोरडा, अगदी ठणठणीत कोरडा. तुझं म्हणणं शंभर टक्के खरं ठरलं. मला वाटलं, संध्याकाळी तुला पत्र लिहावं.

मशीन नेली तेव्हा पंचफुला दवाखान्यात होती, प्रगती तिला एका रात्रीसाठी घेऊन गेली होती. तिला उचलाउचल दिसू नये म्हणून मीच तसं ठरवलं होतं. मंगळवारी संध्याकाळी ती परत आली, शेडच्या दारात थांबली, आत पाहिलं आणि मागं सरकली.

“हे कोनाचं घर व्हय?”

मी म्हणालो, आपलं. ही तुझी चूल, ही खाट.

“आपल्या घरी मशीन हाये,” ती म्हणाली. “मले घरी न्या न जी.”

आपण दोघांनी, तू आणि मी, याचा विचारच केला नाही. चुलीमुळं तिला घर वाटतं असं मला वाटत होतं. तुला पाणी दिसलं, मला गंज दिसला. तिला काय दिसत होतं ते कोणी विचारलं नाही.

आता ती घरातही थांबत नाही आणि शेडमध्येही नाही. दिवसभर रस्त्यानं फिरते, मी मागं मागं. परवा बसस्टँडवर बाकावर बसली होती, हातात पिशवी, पिशवीत माझा एक शर्ट. कंडक्टरनं विचारलं, अम्मा, कुठं जायचं? तर म्हणाली, घरी. जागेचं नाव तिला सांगता येईना.

काय करू ते लिही.

रामाजी

नागपूर, ३१ जानेवारी

रामाजी,

मशीन परत आण. हे पत्र मिळाल्याच्या दिवशी आण. गंजली तर गंजू दे. मी टूलरूमचा माणूस हे लिहितो आहे यावरून समज.

चूक माझी आहे. तू माझ्या शब्दावर बोल्ट काढलेस. तुझं पत्र आल्यापासून मला जेवण गेलं नाही. मी येतो म्हटलं तर डॉक्टर प्रवासाला नको म्हणतात आणि आलो तरी वहिनींशी बोलणार कशानं?

सुधाकर

तामसी, ९ फेब्रुवारी

प्रिय सुधाकर,
जय भीम.

तुझं पत्र येण्याआधीच मी हर्षदीपकडं गेलो होतो. तो म्हणाला, “गुरुजी, पुन्हा लेव्हल मीच करून देतो.” मंगळवारी मशीन आली. जुन्याच बोल्टांवर बसवली. तू चूक तुझी आहे म्हणतोस, तसं लिहू नकोस. मी चाळीस वर्षं तिच्याजवळ आहे, मला कळायला पाहिजे होतं.

या मधल्या पंधरा दिवसांत ती खूप थकली. रस्त्यानं फिरताना पाय सुजले, दोनदा पडली. खायला मागत नाही, भरवावं लागतं. प्रगती रजा टाकून इथंच आहे.

बुधवारी सकाळी मी तिला हाताला धरून शेडमध्ये आणलं. मनात धाकधूक होती. दारात थांबली. मशीनकडं पाहिलं. जवळ गेली, चकवर हात ठेवला आणि तिच्या तोंडावर इतकं समाधान आलं की मला रडू आलं. खाटेवर पदर पसरून बसली, अगदी घरधनीण बसते तशी. मी म्हणालो, बरं वाटलं ना?

तिनं माझ्याकडं पाहिलं. डोक्यावर पदर घेतला, परक्या माणसासमोर बाया घेतात तसा.

“मिस्त्री घरी नाही जी,” ती म्हणाली. “कामाले गेले. तुमी मंग या.”

मी म्हणालो, बरं, येतो. दुसरं काय म्हणणार होतो? प्रगती दारात उभी होती, तिनं तोंड फिरवलं.

त्या दिवसापासून असंच आहे. ती शेडमध्ये आनंदात असते. प्रगतीनं पाणी दिलं तर पिते, मी दिलं तर लाजून नको म्हणते. मिस्त्री यायचे आहेत म्हणून जेवायला थांबते. मी बाहेर पत्र्याच्या आडोशाला खुर्ची टाकून बसतो आणि ती झोपली की आत जाऊन मशीन पुसतो. काल तिनं प्रगतीला विचारलं, “हा बुढा रोज काऊन येऊन बसते दारात? बिचाऱ्याचं कोनी नाही वाट्टे.”

तुला उपाय विचारायचा म्हणून हे पत्र लिहायला बसलो नव्हतो. पण तू टूलरूमचा आहेस, तुला काहीतरी सुचतं. सुचलं तर लिही. नाही सुचलं तरी लिही.

तुझा,
रामाजी